आत्यांच्या गाडीला नवी बॅटरी

आमच्या वस्तीवर गोल्फची गाडी आली तेव्हा गोल्फ म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. लोणावळ्याकडचं एक रिसॉर्ट बंद होत होतं आणि तिथलं सामान विकायला काढलं होतं. माझ्या नवऱ्याने ती जाहिरात मोबाईलवर पाहिली. ओट्यावर टाकायला चार खुर्च्या बघतो म्हणून गेलेला माणूस संध्याकाळी टेम्पोतून ही गाडी घेऊन आला. चार सीटा, वर छप्पर, दारं नाहीत, आणि मागच्या दोन सीटांची तोंडं उलट्या दिशेला. "खुर्च्याच आणल्यात," तो म्हणाला, "फक्त चाकं लावलेल्या."

आणली होती आत्यांसाठी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. नात्याने त्या माझ्या आत्या नाहीत, पण आमच्या नगरच्या कर्जतकडे सासूला आत्याच म्हणायची रीत आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीखालच्या उतारावर लिंबोणीची बाग लावली, खड्ड्यांची मापं स्वतः पट्टी धरून घेतली. पुढे दोन्ही गुडघे गेले. ऑपरेशन करायला त्या तयार नव्हत्या. मग बाग खाली आणि आत्या वर, असं वर्षभर चाललं. लिंबं घरात यायची, पोत्यातून डोकावायची, आणि आत्या एकेक उचलून विचारायच्या, "हे कुठल्या ओळीतलं?" ते कुणाला सांगता यायचं नाही. त्यांना राग यायचा.

गाडी आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्या एकट्या बागेत जाऊन आल्या. गाडी बिनआवाजाची, किल्ली फिरवायची आणि पाय ठेवायचा, बस्स. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचं तर आता त्यांना कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसायला लागत नव्हतं. शेतातल्या पाणंदीने त्या मागच्या बाजूने थेट विहाराच्या पायरीशी जायच्या. डांबरी रस्त्यावर गाडी न्यायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि त्यांनी ते ऐकलंही होतं. शिक्षकी पेशातल्या माणसाला नियम आवडतात, स्वतः केलेले असले तर जास्त.

मी बजावलं, कारण घरातली वीज माझ्या ताब्यात आहे. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला शिकवते. यामागेही आत्याच आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि दहावी पास होते. दुसऱ्या महिन्यात आत्यांनी मला साडी नेसायला लावून आयटीआयच्या ऑफिसात नेलं. खिडकीतल्या माणसाने शिवणकामाचा फॉर्म पुढे केला. आत्या म्हणाल्या, "शिवण तिला येतं. जे येत नाही ते शिकवा." वर्गात मी एकटीच बाई होते. पहिल्या दिवशी शॉक बसला आणि घरी येऊन रडले. आत्यांनी विचारलं, "का बसला ते कळलं का?" मी म्हटलं, कळलं. "मग आजचा दिवस वाया नाही गेला," म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. आमचं नातं साधारण असं आहे.

तर गाडी. तिच्या सीटखाली सहा बॅटऱ्या होत्या, जुन्या पद्धतीच्या, शिसं आणि अ‍ॅसिडच्या. एकेक उचलायला दोन माणसं लागायची. दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बॅटरीचं पाणी घालायचं, टर्मिनलवर आलेली हिरवी-पांढरी बुरशी सोडा टाकून घासायची. रिसॉर्टवाल्यांनी हे कधी केलं नसावं. पहिली दीड वर्षं गाडी बरी चालली. मग तिची ताकद हळूहळू जायला लागली. आधी विहारात जाऊन-येऊन शिल्लक राहायची. मग येताना चढावर बैलगाडीसारखी कण्हायला लागली. शेवटी शेवटी बागेत एक चक्कर, एवढंच तिच्यात उरलं.

आणि एका दुपारी तेही उरलं नाही. आत्या बागेच्या तळाला, ओढ्याजवळच्या शेवटच्या ओळीत होत्या. गाडी तिथेच थांबली. फोन घरी चार्जिंगला लावलेला. मी ड्युटीवरून आले तर ओट्यावर आत्या नाहीत, गाडी नाही. मी आणि नवरा धावत खाली गेलो. बघतो तर लिंबं तोडायला आलेल्या पाच-सहा बायका गाडीभोवती बसलेल्या, दोघी मागच्या सीटवर पाय सोडून, आणि आत्या ड्रायव्हरच्या जागेवरून त्यांना बचत गटाच्या अर्जात काय लिहायचं ते सांगत होत्या. कुणीतरी चहा करून आणला होता.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"चहा दोनदा झाला," आत्या म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "आई, मोटारसायकल आणतो, मागे बस."

"गाडी सोडून मी यायची नाही. ट्रॅक्टर आण आणि ओढ."

गाडी ट्रॅक्टरला बांधून वर आणली. आत्या सगळा वेळ स्टिअरिंग धरून ताठ बसल्या होत्या. वाटेत भेटणाऱ्यांना वाटलं असेल, मुद्दामच अशी काढलीय.

त्या संध्याकाळी मला कळलं की प्रश्न बागेचा नाही. जेवताना आत्या म्हणाल्या, "नवी बॅटरी टाकायची तर अशी टाक, की मला पलीकडे जाऊन येता येईल."

पलीकडे म्हणजे ओढ्याच्या पलीकडची वस्ती. तिथे आत्यांची मैत्रीण राहते. ती त्यांच्याच शाळेच्या व्हरांड्यात भरणाऱ्या अंगणवाडीची सेविका होती. वीस वर्षं दोघींनी मधल्या सुट्टीत एका फडक्यातली भाकरी खाल्ली. ती शेतकरी घरातली, माळकरी. आमच्या आत्या पक्क्या बुद्धविहारवाल्या. सुरुवातीला गावात काही जणांनी त्यावर नाकं मुरडली होती म्हणे. या दोघींनी मुरडलेली नाकं मोजलीही नाहीत. निवृत्त झाल्यावर आठवड्याला भेट ठरलेली. मग यांचे गुडघे गेले आणि तिचे कान. फोन लावला तर ती "कोन बोलतंय" एवढंच चारदा विचारायची आणि ठेवून द्यायची. तीन वर्षं भेट नव्हती. मैत्रिणीच्या घरी जायला आधी उतार, मग ओढा, मग लांबलचक चढ, आणि येताना पुन्हा आमचा चढ. जुन्या बॅटऱ्या चांगल्या होत्या तेव्हाही मी आत्यांना तिकडे जाऊ दिलं नव्हतं. मोटारसायकलवर त्यांना एवढा वेळ बसवत नाही आणि चारचाकी त्या पाणंदीतून जात नाही.

"एवढे दिवस बोलला का नाहीत?" मी म्हटलं.

"तुझ्या बॅटरीचा दम बघत होते," त्या म्हणाल्या.

पुन्हा शिशाच्याच बॅटऱ्या टाकाव्यात असं नवऱ्याचं मत होतं. ओळखीचा दुकानदार, जुन्या देऊन नव्या घ्यायच्या, काम संपलं. मी मात्र वर्षभर आयटीआयमध्ये ई-रिक्षांच्या लिथियम बॅटऱ्यांबद्दल शिकवत होते. शिकवत होते, पण एकही पॅक स्वतः गाडीत बसवलेला नव्हता. फळ्यावर पोहायला शिकवण्यासारखं होतं ते. म्हणून मी म्हटलं, लिथियम टाकू. वजन पाव भागावर येईल, पाणी घालायला नको, आणि शेवटच्या टक्क्यापर्यंत गाडी सारख्याच ताकदीने चालेल.

नगरच्या एमआयडीसीत एक माणूस ई-रिक्षांचे पॅक बनवतो. त्याच्याकडे गेले. पत्र्याची लहान शेड, आत थंड हवा, टेबलावर निळे चौकोनी सेल विटांसारखे रचलेले. त्याने गाडीचा फोटो पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, हॉटेल आहे का तुमचं?"

"नाही. सासू आहे."

तो हसला, मग गंभीर झाला. "मोटार किती वॅटची, कंट्रोलर किती अँपियरचा, चढ किती?" मी सगळं लिहूनच नेलं होतं. त्याने सोळा सेलांचा पॅक सुचवला. लोखंडी पेटी, आत सेलांवर नजर ठेवणारं सर्किट. त्याला बीएमएस म्हणतात. एखादा सेल जास्त भरला, जास्त रिकामा झाला किंवा तापला, की ते सर्किट सरळ लाइन तोडतं. "हे म्हणजे आत बसवलेला वॉचमन समजा," तो म्हणाला. "कुणाचं ऐकत नाही. मालकाचंसुद्धा."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. नीट ऐकायला हवं होतं.

पॅक आला त्या रविवारी आम्ही सकाळीच कामाला लागलो. जुन्या सहा बॅटऱ्या काढताना नवऱ्याची कंबर धरली आणि माझ्या चांगल्या ओढणीला अ‍ॅसिडने भोकं पडली. खालचा ट्रे गंजलेला होता. तो घासला, रंग दिला, वाळेपर्यंत थांबलो. मग नवी पेटी बसवली. जिथे सहा मावत होत्या तिथे ही एकटी, कोपऱ्यात. मोठ्या घरात एकच पाहुणा उतरावा तशी दिसत होती. हलू नये म्हणून लोखंडी पट्ट्या टाकून बोल्ट केले.

शेवटची केबल जोडताना फट्कन ठिणगी उडाली आणि सगळं बंद. बीएमएसने लाइन तोडली होती. नवरा दोन पावलं मागे सरकला. मला मात्र कारण माहीत होतं. कंट्रोलर म्हणजे मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, त्याच्या पोटात वीज साठवणारे कपॅसिटर असतात. ते रिकामे असले की पहिल्या क्षणी अधाशासारखा करंट ओढतात. वॉचमनला वाटतं, चोर आला. मी घरातून जुना पिवळा शंभरचा बल्ब आणला, होल्डरला दोन वायरी लावल्या आणि केबल जोडण्याआधी त्या बल्बमधून करंट जाऊ दिला. बल्बची तार जराशी लाल झाली आणि विझली, म्हणजे कपॅसिटर भरले. मग केबल जोडली. ठिणगी नाही, आवाज नाही. आत्या ओट्यावरून बघत होत्या. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पहिल्या वर्षाला असतं." त्यांना ते आवडलं होतं.

नंतर जॅक लावून मागची चाकं उचलली आणि फिरवून पाहिली. मग अंगणात दहा चकरा मारल्या. गाडी हलकी झाली होती, पायाखाली जरा दाबलं की पळायची. जुना काटा आता काही कामाचा नव्हता. या बॅटरीचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे काटा बापडा कायम फुल्लच दाखवत होता. त्याच्याऐवजी टक्के दाखवणारा छोटा मीटर लावला. नवा चार्जर लावला. सकाळपर्यंत मीटरवर शंभर. मी स्वतःवर एवढी खूश होते की सोमवारी वर्गावर जाताना गाणं म्हणत होते.

त्याच सोमवारी आत्या कुणाला न विचारता निघाल्या. नवी इस्त्रीची साडी, पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी, मैत्रिणीसाठी. नवरा बागेत खाली पाणी सोडत होता, त्याने पाहिलं ते असं.

आमचं घर वर आहे. गेटमधून निघालं की लगेच उतार, दोनशे-अडीचशे पावलांचा, आणि खाली पाणंदीचं वळण. गाडी उतारावर आली. आत्यांनी नेहमीप्रमाणे पाय काढला. एरवी पाय काढला की मोटार उलट काम करायला लागते, चाकांना मागे ओढते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत टाकते. त्याच जोरावर गाडी उतारावर सावकाश जायची. आत्यांनी ब्रेकला फारसा कधी पाय लावलाच नव्हता.

पण त्या दिवशी बॅटरी काठोकाठ भरलेली. भरल्या हंड्यात कुणी आणखी पाणी ओतायला लागलं तसं झालं. वॉचमनने दार लावून घेतलं. वीज परत जायला जागा नाही, कंट्रोलरने मान टाकली आणि मोटारीचं मागे ओढणं एका क्षणात संपलं. गाडी मोकळी सुटली.

आत्यांनी ब्रेक दाबला. ब्रेकचे लायनर कुणी जाणे कधीचे. गाडी थोडी धरली, पण थांबेना. समोर वळण, वळणापुढे विहिरीचा कठडा. डाव्या हाताला बागेसाठी टाकलेला शेणखताचा ढीग. आत्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

मला फोन आला तेव्हा मी वर्गात मीटर जोडून दाखवत होते. नवरा एवढंच म्हणाला, "आई ठीक आहे. तू ये." ठीक आहे म्हटल्यावर माणूस जितका घाबरतो तितका दुसऱ्या कशानेच घाबरत नाही. मी घरी कशी पोचले ते आठवत नाही.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या. आंघोळ झालेली, केस ओले. मनगट थोडं सुजलं होतं, बाकी काही नाही. गाडी अजून ढिगातच होती, पुढची चाकं पूर्ण आत.

मी पाया पडल्यासारखी त्यांच्यासमोर खाली बसले. "माझं चुकलं," म्हटलं. आणि चुकलं होतंच. मुलांच्या वह्यांवर लाल पेनाने मी पंचवीस वर्षं लिहीत आले, काम लोडवर तपासल्याशिवाय झालं असं म्हणायचं नाही. आणि स्वतः जॅकवर चाकं फिरवून, सपाट अंगणात चकरा मारून मोकळी झाले होते. उतारावर नेलीच नव्हती. जिथे ही गाडी रोज जाणार, तिथेच नेली नव्हती.

आत्यांनी विचारलं, "का झालं ते कळलं का?"

"गाडी बघते, मग सांगते."

"ढिगात मी ठरवून घातली बरं," त्या म्हणाल्या. "हा सांगत सुटेल की आई घुसली. घुसले नाही. घातली."

नवऱ्याने मात्र किल्ली खिशात टाकली होती. तो तसा शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "बस झालं. विकून टाकतो. तुमच्या प्रयोगांपायी माझी आई जायची."

आत्या म्हणाल्या, "किल्ली इथे ठेव."

"आई—"

"मी जाईन तेव्हा माझ्या वयाने जाईन. किल्ली ठेव."

त्याने ठेवली नाही. आठ दिवस ती त्याच्या खिशात होती, आणि आठ दिवस आई-मुलाचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं होतं. मी मधल्या मधे. नवऱ्याचं बरोबर होतं आणि आत्यांचंही. त्याचा राग माझ्यावर होता, पण तो माझ्यावर काढत नव्हता. ते जास्त लागत होतं.

मी नगरच्या माणसाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, घर वर आणि रस्ता खाली, हे तुम्ही बोलला नव्हतात."

"चढ सांगितला होता."

"चढ सांगितला. निघतानाच उतार आहे हे नाही सांगितलं." मग म्हणाला, "विचारायला पाहिजे होतं मी. ई-रिक्षावाले सपाटीवरचे, सवय नाही राहत."

उपाय अवघड नव्हता. चार्जरमध्ये बदल करून तो थोडा आधीच थांबेल असं केलं, म्हणजे हंडा काठापर्यंत भरायचाच नाही, चार बोटं मोकळा ठेवायचा. परत येणाऱ्या विजेला जागा राहते. त्याने स्वतः येऊन तेवढी सेटिंग केली, पैसे घ्यायला तयार नव्हता, जाताना लिंबं घेऊन गेला. पण मला तेवढ्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. ब्रेकचे लायनर नवे टाकले, ब्रेकची केबल बदलली. मोटारीने दगा दिला तरी नुसत्या ब्रेकवर गाडी भर उतारात थांबली पाहिजे, हे ठरवलं. सगळं झाल्यावर नवऱ्याकडून चाचणीपुरती किल्ली घेतली आणि म्हटलं, "एकदा बघ. मग विकायची तर विक."

आत्या म्हणाल्या, "तो नाही. मी बघणार."

उताराच्या मध्यावर एक कडुनिंब आहे. आत्यांनी त्याच्याखाली खुर्ची टाकायला लावली. मला म्हणाल्या, "मी जेवढी आहे तेवढं वजन ठेव शेजारी. मागे दोघींचं." मी शेजारच्या आणि मागच्या सीटांवर खताची पोती बांधली. मग परीक्षा सुरू झाली, चालवणारी मी. वरून यायचं, कडुनिंबाशी ब्रेकने थांबायचं. पुन्हा वर. वरून यायचं, ब्रेक न लावता नुसता पाय काढून यायचं. पुन्हा वर. एकदा अर्ध्या उतारावर मुद्दाम किल्ली बंद करून. एकदा टायर ओले करून, कारण पाणंदीत चिखल असतो. मला वाटलं होतं चार-पाच वेळा बघतील. त्यांनी सव्वीस वेळा उतरायला लावलं. ऊन चढलं, माझी मान दुखायला लागली. नवरा आधी लांब बांधावर पाठ करून उभा होता, मग बाजूने, मग खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला.

सव्विसाव्या वेळी गाडी कडुनिंबाशी थांबली तेव्हा आत्या मुलाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आता तू चालव. तुझा विश्वास बसला की मला दे."

त्याने तीनदा चालवली. तिसऱ्यांदा खाली जाऊन वर आला तेव्हा जरा मजेतच आला, हे आम्हा दोघींनाही दिसलं. किल्ली त्याने आत्यांच्या हातात दिली नाही, गाडीलाच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघी निघालो, आत्या चालवत होत्या, मी शेजारी. उतार सावकाश उतरलो. मीटरवरचा आकडा खाली यायच्या ऐवजी एकाने वर गेला तेव्हा आत्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. पुढचा चढ, ज्याची मला धास्ती होती, तो गाडी एका दमात चढली. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवायला आलेली, पाखरं हाकायला लावलेल्या चमकत्या पट्ट्या वाऱ्यावर वाजत होत्या. इतक्या शांत गाडीतून जाताना शेतं किती बोलतात ते ऐकू येतं.

मैत्रीण अंगणात शेंगा फोडत बसली होती. गाडीचा आवाज नाही आणि तिला ऐकूही येत नाही, त्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत तिने वर पाहिलं नाही. सावली पडली तेव्हा पाहिलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"अगं बया," ती म्हणाली. "मला वाटलं तू गेलीस. मला कुनी सांगितलं न्हाई, म्हनून म्हनलं आसंल आजून."

"आहे अजून," आत्या तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या.

"वरडू नको. मला समजतंय."

तिला काही समजत नव्हतं, हे आम्हाला पुढच्या अर्ध्या तासात कळलं. आत्या एक बोलायच्या, ती दुसऱ्याचंच उत्तर द्यायची. पण दोघींपैकी कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. लोणच्याची बरणी उघडली, भाकरी आली. मैत्रिणीने आत्यांचं सुजून उतरलेलं मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि काही न विचारता तेल आणून चोळायला लागली. आत्या डोळे मिटून बसल्या. त्यांना असं कुणाकडून काही करून घेताना मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्याकडून तर नाहीच.

नंतर मैत्रीण गाडीभोवती फिरली. "ह्यात काय घालत्यात? डिझेल?"

आत्यांनी हाताने वायर खोचल्याची खूण केली.

"मोबाईलवानी?"

आत्यांनी मान डोलावली.

"मंग चल की," मैत्रीण म्हणाली आणि पदर खोचून पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर चढून बसली.

मी म्हटलं, "थांबा, मी पण येते मागे." आत्या म्हणाल्या, "तू बस इथे. हिच्या सुनेला बोलायला कुणी नसतं." आणि गाडी अंगणातून निघून गेली. मी आणि ती सून एकमेकींकडे बघत राहिलो. मग मी उरलेल्या शेंगा फोडायला घेतल्या.

दोन तास झाले तरी पत्ता नाही. सुनेने फोन करू का विचारलं. मी म्हटलं, एकीला ऐकू येत नाही आणि दुसरी उचलणार नाही. तिसऱ्या तासाला मला उतारावरचं सगळं पुन्हा आठवायला लागलं आणि मी पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तेव्हा लांबून छप्पर दिसलं. गाडी रमतगमत येत होती. मैत्रीण एकटीच मोठ्याने बोलत होती, आत्या हसत होत्या, आणि दोघींच्या मांडीवर कागदाचे पुडे होते.

त्या शाळेवर गेल्या होत्या. मागच्या वाटेने. शाळा बंद होती, म्हणून व्हरांड्यात बसल्या. मग आठवडे बाजाराचा दिवस आहे हे लक्षात आलं, तर बाजाराच्या मागच्या मैदानात गाडी लावली. भेळवाला आत्यांचा विद्यार्थी. त्याने गाडीशी आणून भेळ दिली. नोकरीच्या वीस वर्षांत दोघींनी बाजारात उभं राहून भेळ कधी खाल्ली नव्हती. बाई आणि सेविकाबाई म्हणून लोक बघायचे.

"आता बघत नाहीत का?" मी विचारलं.

"आता गाडीकडे बघतात," आत्या म्हणाल्या.

मीटरवर अठ्ठावन्न टक्के होते. माझ्यासाठीही एक पुडा आणला होता, पण तो वाटेत मैत्रिणीने उघडला होता, त्यात शेव फारशी उरली नव्हती.